बाळसं मांजरीनं धरलं

टीबीच्या गोळ्या चालू असताना मी एक काम केलं. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लिहायला लाज वाटणार नाही. माझ्यासाठी केलेली कोंबडीची आळणी मी मांजरीला पाजली. एकदा-दोनदा नाही, चांगला महिनाभर. घरची माणसं थंडीत कुडकुडत गच्चीवर चूल पेटवायची, वाटी भरून माझ्या हातात द्यायची. मी म्हणायचे, "जरा निवू दे." त्यांची पाठ वळली की वाटी खिडकीच्या गजातून बाहेर. खालच्या पत्र्यावर शेजारची करडी मांजरी तयारच बसलेली असायची. माझ्या गोळ्यांच्या वेळेची मला आठवण करून द्यावी लागायची, तिला तिची वेळ सांगावी लागत नव्हती.

आळणी म्हणजे काय ते आमच्या लातूर-नांदेडकडं कुणाला सांगावं लागत नाही. कोंबडी शिजली, की मसाला पडायच्या आधी तिचं पिवळं, पातळ पाणी काढून ठेवतात, ती आळणी. बाळंतिणीला देतात, तापातून उठलेल्याला देतात, हिवानं आखडलेल्या म्हाताऱ्याला देतात. माझी नात त्याला सूप म्हणते. शाळेत सगळ्यांना सांगून आली होती, "आमच्या कमलआजीचं सूप लई भारी असतं." ते ऐकलं त्या दिवशी माझा ताप अर्ध्या अंशानं तरी वाढला असेल. कमल म्हणजे माझी धाकटी जाऊ.

तुम्ही म्हणाल, बाई, जिवावर बेतलं होतं आणि तुला जावेचं पडलं होतं? हो, पडलं होतं. आजारपणानं माणूस शहाणा होतो असं मला भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून जायचा. मी काही झाले नाही. तुमच्या घरात कुणी अंथरुणावर असेल तर हे वाचा. आणि त्याची वाटी रिकामी झाली म्हणून लगेच समाधान मानू नका.

खोकला

दिवाळीच्या आधीपासून खोकत होते. तळणाचा धूर लागला म्हणून सांगत होते. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, त्याला मी थकवा म्हणायचे. पोलकी ढिली झाली, आणि इथं माझा मूर्खपणा बघा, मी खूश झाले. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काकू, बारीक झालात हो, काय करता?" मी मान वाकडी करून सांगायचे, "काही नाही गं, सकाळी फिरते." त्यांच्या डोळ्यांत जळफळाट दिसला की मला दोन घास जास्त जायचे. म्हणजे जायला पाहिजे होते. जात तर काहीच नव्हतं.

मग एक दिवस जिना चढताना मधेच बसले, आणि उठताच येईना. मुलगा व्यंकट मला दवाखान्यात घेऊन गेला. सोबत आमचे हे. हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळं प्रत्येक गोष्टीत आधी पाणी कुठून आलं ते शोधतात. योगायोग असा, की डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला आणि त्याच म्हणाल्या, "आजी, छातीत पाणी झालंय."

त्या बाई माझ्या सुनेहून लहान. पुढं त्यांनी टीबीचं नाव घेतलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले, जसं काही त्यात आणखी एखादा महिना सापडणार होता. व्यंकटनं पहिला प्रश्न केला, "घरात लेकरू हाय मॅडम, तिला काही होणार न्हाई ना?"

त्याचं चुकलं नव्हतं. बापानं तेच विचारायला पाहिजे. पण मला वाटलं, आधी माझं विचार की रे. दहा वर्षांच्या नातीचा मत्सर करणारी आजी तुम्ही पाहिली नसेल. मी त्या दिवशी दवाखान्याच्या आरशात पाहिली.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. घरातल्या सगळ्यांची तपासणी होईल. गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. सुरुवातीला तोंडाला मास्क, खोलीच्या खिडक्या उघड्या. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. आणि खायचं. अंडी, डाळ, कोंबडी, अंगाला लागेल ते. "अर्धं काम गोळ्या करतात आजी, अर्धं काम ताट करतं," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

वॉर्डात

पाणी काढायला भरती केलं. पाठीत सुई घालून काढतात. बसायचं, पुढं झुकायचं आणि हलायचं नाही. बाटलीत कोऱ्या चहासारखं काहीतरी जमत गेलं. सुईपेक्षा भीती जास्त दुखते. ज्यांची पाळी यायची असेल त्यांना सांगते, नर्सचा हात मागून घ्या. मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितल्यावर सोडत नाहीत.

दुसरी गोष्ट, गोळ्या चालू झाल्या की लघवी केशरी होते. मला सांगितलं होतं म्हणे. मी ऐकलं नव्हतं. संडासातून अशी ओरडले, की वॉर्डातली सगळी माणसं गोळा झाली.

शेजारच्या खाटेवर किनवटकडची एक बाई होती. तिच्या दोघी बहिणी आळीपाळीनं यायच्या, तिची वेणी घालायच्या, पाय चेपायच्या, आणि डबा उघडला की कोंबडीचा वास साऱ्या वॉर्डभर. माझ्या डब्यात मुगाची खिचडी. सून स्वाती शाळेत शिकवते, पहाटे उठून जे जमेल ते करून धाडायची बिचारी. पण त्या वेळी मला ती बिचारी वाटत नव्हती. मला वाटायचं, हिला बघा, हिच्या दोन बहिणी, आणि आपल्याला खिचडी. त्या बाईचा खोकलासुद्धा माझ्याहून कमी होता, त्याचाही राग. तिला सुट्टी माझ्याआधी मिळाली. जाताना तिनं आपलं सोललेलं संत्र अर्धं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "बरी हो माय." मी ते संत्र खाल्लं, पण रागानंच खाल्लं.

ती बया

घरी आल्यावर अन्न जाईना. गोळ्यांनी मळमळायचं. भाकरी घशात अडकायची, दुधाचा वास नको व्हायचा. मला वरच्या मजल्यावरची मागची खोली दिली होती, दोन खिडक्यांची, गच्चीच्या जिन्याला लागून. ताट वेगळं कुणी केलं नव्हतं. मीच हट्ट करून वेगळं करून घेतलं, आणि मग "बघा, माझं ताट वेगळं केलं" म्हणून रुसून बसले. माझ्यासारख्या पेशंटला सांभाळणाऱ्यांना सरकारनं काहीतरी द्यायला पाहिजे.

एके सकाळी हे दारात उभे राहून म्हणाले, "कमलला बोलावून घेऊ का? तिच्या हातची आळणी प्यालीस की उठून बसशील."

तिच्या हातची. हे दोन शब्द मी चाळीस वर्षं ऐकत आले. आता त्यामागची गोष्ट सांगते, आणि त्यात सगळ्यात येडी कोण ते तुम्हीच ठरवा.

माझं माहेर शिरूर अनंतपाळकडचं, घर माळकरी. सासर औशाजवळच्या खेड्यातलं, तिथं वशाट, कोंबडी-मटण चालायचं, पण घरातल्या चुलीवर नाही. त्यासाठी परसात वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळा पळा. लग्नानंतर पहिल्यांदा कोंबडी झाली तेव्हा सासूबाईंनी मला हाक मारली, "ये गं, बघून घे, उद्या तुलाच करायचं हाय." आणि वीस वर्षांची ती बया, म्हणजे मी, दारात उभी राहिली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "मला वासानं कसंतरी होतं."

खोटं! त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण माळकऱ्याची लेक, सोवळ्याची ऐट दाखवायची होती ना. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं, तू आत बघ." देवघर, दूधदुभतं, पुरणावरणाचं सगळं माझ्याकडं आलं. मी चार दिवस अशी मिरवले, जशी काही गावची पाटलीण.

पुढं कमल धाकटी सून म्हणून आली. बाहेरचा पळा सासूबाईंनी तिच्या हातात दिला. त्याच हिवाळ्यात मी बाळंत झाले. सासूबाई वाटी घेऊन आल्या, "औषध म्हणून पी." मी डोळे मिटून प्याले. डोळे उघडले तेव्हा वाटी रिकामी होती, आणि मी आयुष्यभरासाठी फसले होते. अशी चव! घशातून उतरताना पायाच्या बोटांपर्यंत ऊब पोचायची. बाळंतपण सरलं आणि मी काही ना काही निमित्त काढून परसात जाऊ लागले. सासूबाई लगेच म्हणायच्या, "तू आत जा गं, तुला वास सहन होत न्हाई." मीच केलेलं नाटक, आता ते बंद कसं करायचं?

नांदेडला बदली झाल्यावर मी माझ्या घरात माझ्या हातानं करू लागले. हे प्यायचे आणि म्हणायचे, "बरी झालीय." बरी! जेवणाला 'बरी' म्हणणाऱ्या नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बायकांना माझं दुःख कळेल. मी लसूण वाढवून बघितला, मिरे वाढवले, एकदा तर दालचिनीसुद्धा टाकली. काही केल्या ती चव येईना. कमलला फोन करून विचारायचं? मेले तरी विचारलं नसतं. आणि आता खरंच मरायची वेळ आली होती, तरी विचारवत नव्हतं.

वाटी आणि खिडकी

कमल आली ती औशाहून एसटीनं, पिशवीत दोन जिवंत गावरान कोंबड्या घेऊन. लातूरला गाडी बदलताना एक कोंबडी सुटली आणि कंडक्टरनं ती ड्रायव्हरच्या सीटखालून काढून दिली, हे तिनं आल्या आल्या हसत हसत सांगितलं. सारं घर हसलं. मी पण हसणार होते, पण खोकला आला.

तिनं स्वयंपाकघरात पाय ठेवायच्या आधीच विचारलं, "गच्चीवर विटा हायत का?" तीन विटांची चूल मांडली, बाहेरचं पातेलं वेगळं ठेवलं, जसं सासूबाईंच्या वेळी होतं तसं. पहाटेच्या थंडीत वर जायची. जिन्यातून वास खाली यायचा आणि माझ्या खोलीत शिरायचा. मग ती वाटी घेऊन यायची, त्यात भाकरीचा कुस्करा. दुपारी पुन्हा तेच. माझ्या पोटात जाण्यासारखं दिवसभरात तेवढंच होतं. हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

"अक्का, गरम हाय तवर प्या."

"निवू दे जरा."

"बरं. मी कपडे वाळत घालून येते."

आणि वाटी खिडकीबाहेर.

का ओतत होते? मला स्वतःलाच तेव्हा नीट सांगता आलं नसतं. एवढं खरं, की खालून आवाज यायचे. "कमलकाकू, पुन्हा वाढा." "कमल, आज तर कमाल केलीस." सून तिला विचारून विचारून शिकत होती. माझी नात तिच्या मांडीवर. माझ्या घरात, माझ्या माणसांत, माझ्या जागी ती. त्यात तिच्या हातच्या आळणीनं मी उठून बसले, तर सगळे काय म्हणाले असते? कमलनं वाचवलं. म्हणजे उरलेलं आयुष्यसुद्धा तिच्या हातचं झालं असतं. मला बरं व्हायचं होतं, पण माझ्या गोळ्यांनी. तिच्या वाटीनं नाही.

असं सगळं डोक्यात घेऊन मी बिस्किटं आणि चहावर दिवस काढत होते, आणि पत्र्यावरची ती करडी मांजरी, जी आधी बरगड्या मोजाव्यात अशी होती, तिनं चांगलं बाळसं धरलं. शेजारीण म्हणालीसुद्धा, "गाभण हाय का काय?"

वजनकाटा

तपासणीचा दिवस आला. दवाखान्यात काट्यावर उभी राहिले. डॉक्टरीणबाईंनी मागचा आकडा बघितला, आत्ताचा बघितला, मला उतरवून पुन्हा चढवलं.

"आजी, वजन वाढायला पाहिजे होतं. उलट उतरलंय." मग त्या व्यंकटकडं वळल्या, "जेवतात का नीट?"

व्यंकट म्हणाला, "मॅडम, रोज दोन वेळा गावरान कोंबडीची आळणी चालू हाय. वाटी चाटूनपुसून रिकामी करतात."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. "मग गोळ्या लागू पडतायत का ते बघावं लागेल. पुन्हा थुंकी तपासायला पाठवते. कधीकधी जंतू या गोळ्यांना जुमानत नाहीत. तसं निघालं तर औषधं बदलावी लागतील. ती जास्त जड असतात."

आमच्या यांनी खाली बसायला खुर्ची शोधली. व्यंकट म्हणाला, गरज पडली तर हैदराबादला नेऊ. आणि कमल, जी दाराशी पदर सावरत उभी होती, ती पुढं आली. "डॉक्टरीणबाई, माझ्या आळणीनंच काही वाईट व्हायलंय का? तेल जास्ती पडतं का? मी आले तवापासनंच अक्का उतरल्यात. माझाच पायगुण म्हणायचा. मी उद्या गावाकडं जाते."

झालं! मला पाहिजे होतं तेच झालं होतं. कमल जाणार, स्वतःच्या तोंडानं म्हणून जाणार, आणि दोष तिच्या वाटीवर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातचं काहीतरी बिघडलं होतं. मी आतून फुलायला पाहिजे होते.

इथं मी लिहायला पाहिजे, की तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून माझं काळीज हललं. पण खोटं कशाला लिहू? 'जड औषधं' हे ऐकून माझी जीभ सुटली. आहेत त्या गोळ्यांनी मी आडवी झाले होते, त्याहून जड म्हणजे संपलंच.

"आळणी मी पीत नव्हते," मी म्हणाले.

"मग कुठं जायची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मांजरीला."

"रोज?"

"इतवार सोडून. इतवारी व्यंकट खोलीत बसायचा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मास्कवरून त्यांचे डोळे हसतायत की रागावलेत ते कळेना. "मांजरीचं वजन केलंय का?" त्यांनी विचारलं. मग मात्र एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "आजी, तुम्ही एका वाटीपायी स्वतःला मारत होतात. कळतंय का?"

कळत होतं. तपासणी तरी त्यांनी पाठवलीच, आणि पुढं ती चांगली आली, गोळ्या बरोबर होत्या. पण ती यायच्या आधीचे दिवस! व्यंकट माझ्याशी तुटक बोलायचा. "आई, आम्ही तिकडं लोकांना हैदराबादचं विचारत फिरतोय, अन् तू इकडं…" हे तर बोलतच नव्हते. स्वाती एकटीच म्हणाली, "मामी, मला सांगायचं होतं ना, मी गुपचूप अंडं उकडून दिलं असतं." सून म्हणून ती आली तेव्हा तिलाही मी कमी छळलं नव्हतं. आता वाटलं, फुकट छळलं.

घरी आल्यावर कमल पिशवी भरेल असं मला वाटलं. ती सरळ गच्चीवर गेली. बऱ्याच वेळानं वाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"प्या."

मी निवू दे म्हणाले नाही. जीभ पोळली तरी प्याले. ती बघत होती. वाटी रिकामी झाल्यावर ती उलटी करून बघितली आणि म्हणाली, "मांजरीला पाजली, त्याचं मला काही न्हाई. एक सांगा. तिनं कधी तोंड वाकडं केलं का?"

"नाही."

"मग तुम्ही बी करू नका."

गच्चीवर

आळणी पोटात टिकू लागली. पाय जरा धरू लागले तेव्हा मी शाल गुंडाळून, जिन्यावर तीनदा बसत, गच्चीवर पोचले. मला बघायचंच होतं, ती काय घालते. चव घेण्याइतकाच तिची चोरी पकडण्यात मला रस होता.

चोरी काहीच नव्हती. तिनं पिसं काढलेली कोंबडी जाळावर सगळीकडून फिरवून घेतली, हळद चोळून धुतली. पाय टाकून दिले नाहीत, सोलून पातेल्यात घातले. थोड्या तेलावर चिमूटभर कांदा, आलं-लसूण ठेचलेलं, हळद, मीठ, आणि कोंबडी. वर ताट झाकलं आणि ताटात पाणी ओतलं.

"हे कामून?" मी विचारलं.

"आतल्या वाफेनं हे वरचं पाणी तापतं. कोंबडीचं अंगचं पाणी आटलं की हेच गरम पाणी आत सोडायचं. गार पाणी घातलं की कोंबडी रुसते, मग कितीबी शिजवा, सत्त्व सोडत न्हाई."

इतकी वर्षं मी नळाचं गार पाणी ओतत होते. लसूण, मिरे, दालचिनी, सगळं झालं, आणि घोडं अडलं होतं पाण्यात. तेही पाटबंधारे खात्याच्या घरात!

मग तिनं निखाऱ्यात लसणाचा अख्खा गड्डा पुरला. शेवटी तो राखेतून काढून, पाकळ्या पिळून, त्याचा मऊ गर आळणीत कालवला. वर ठेचलेले मिरे. झालं. घाई नाही, फुंकर घालून जाळ वाढवणं नाही. मंद आणि मंद.

मी म्हणाले, "सासूबाईंनी तुला सगळं शिकवलं. मजा होती बाई तुझी. सारं घर तुझं नाव घ्यायचं."

कमलनं लाकूड मागं ओढलं आणि माझ्याकडं बघितलं. "मजा? अक्का, तुम्ही आत चुलीपाशी बसून पुरण वाटायच्या. मी बाहेर हिवात पिसं काढत बसायची. बोटं वळायची न्हाईत. सगळे जेवले की राखेनं भांडी घासा, ती बाहेरच पालथी घाला, मग गार पाण्यानं अंघोळ करा, मग कुठं आत पाऊल ठेवू द्यायच्या. तवर माझ्या वाटणीची आळणी गार होऊन तिच्यावर साय धरलेली असायची. अन् तुम्ही दारात उभ्या, नाकाला पदर. मी म्हणायची, काय नशीब हाय हिचं. नुसता पदर लावला अन् आत बसून राहिली."

मला कमलचा हेवा वाटला तो बाळंतपणानंतर. तिला माझा हेवा वाटत होता घरात आल्यापासून. तिचा मत्सर माझ्याहून जुना निघाला, आणि खरं सांगते, त्याचाही मला मत्सर वाटला. एवढी एक गोष्ट तरी माझी पहिली असेल असं मी धरून चालले होते.

"मला वास आवडायचा," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

कमलनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग हसायला लागली. इतकी हसली की धूर घशात गेला आणि दोघी एकदमच खोकू लागलो. खालून हे ओरडले, "काय झालं गं?" आम्हाला दोघींनाही सांगता येईना.

यंदा

गोळ्या उन्हाळ्यात संपल्या. वजन भरलं. पोलकी पुन्हा घट्ट झाली, आणि गल्लीतल्या बायका आता विचारत नाहीत. आजारातल्या माणसांनो, एवढंच सांगते: गोळी चुकवू नका, आणि कुणाच्याही हातचं असो, पोटात जाऊ द्या. राग काय, पोट भरल्यावरसुद्धा धरता येतो. उलट जरा जास्त ताकदीनं धरता येतो. माझा मत्सर काही टीबीबरोबर गेला नाही. नात अजून कमलआजीचंच नाव घेते आणि अजून मला ते ऐकलं की आत कुठंतरी टोचतं.

यंदा थंडी पडल्यावर कमल नांदेडला आली, डोळे दाखवायला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठून गच्चीच्या जिन्याकडं निघाली तशी मी तिचा हात धरला. माझ्या खाटेवर, माझ्या गोधडीत तिला बसवलं आणि म्हणाले, "बस. आज मी करते." ती नको नको म्हणत राहिली. मी वर गेले. बोटं वळत नव्हती, धूर डोळ्यांत जात होता, आणि कोंबडीच्या पायाची साल माझ्याकडून काही केल्या निघेना. ताटातलं पाणी मात्र मी आत सोडलं, गरम. पहिली वाटी काढली, ती तिच्यासाठी. घरात अजून कुणी प्यालं नव्हतं.

तिनं दोन्ही हातांनी वाटी धरली, एक घोट घेतला. मी दारात उभी राहून तिच्या तोंडाकडं बघत होते. 'बरी' म्हणाली असती तर वाटी मी परत घेतली असती. तिनं दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, आणि वाटीतून वर न बघता म्हणाली,

"मीठ कमी हाय, अक्का. पण आता वरून घालू नका. इतक्या वर्षांत मला कुणी 'बस, आज मी करते' म्हणलं न्हाई. आधी हे गरम हाय तवर पिऊ द्या, मिठाचं मग सांगते."